ध्वनिमुद्रिका संग्रह (छंद)

ध्वनिमुद्रिका संग्रह म्हणजे ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या शोधणे, जपणे, ऐकणे आणि त्यांची तपशीलवार नोंद ठेवणे हा छंद होय. १९४८ पासून प्रचारात आलेल्या व्हिनाइलच्या दीर्घ तबकड्या जगभर अधिक लोकप्रिय असल्या, तरी भारतातील जुन्या संग्राहकांचा भर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर राहिला आहे. व्हिनाइलवरील बरेचसे संगीत पुढे कॅसेट व सीडीवर आले. लाखेच्या तबकड्यांवरील अनेक ध्वनिमुद्रणे मात्र केवळ संग्राहकांकडील प्रतींमुळे टिकली.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोवर येथे पाठवली जात व तेथून तयार तबकड्या भारतात येत. गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. परक्या भाषेतील गायन कोणाचे आहे हे तेथील कारागिरांना कळावे, हे त्याचे कारण मानले जाते. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. एरवी तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवणे हे वेगळेच कौशल्य होते आणि अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांत ते प्रकर्षाने जाणवते. बालगंधर्वांची नाट्यगीतेही याच माध्यमातून घरोघरी पोहोचली. उलट, त्यांचे गुरू भास्करबुवा बखले यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून आणि आठवणींतूनच जाणून घ्यावी लागते.

दुर्मीळता

मूळच्या गोव्यातील गायिका केसरबाई केरकर यांचे भैरवीतील गायन १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीसाठी निवडले गेले. तेव्हा त्याची प्रत बाजारात मिळत नव्हती. बराच शोध घेतल्यावर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, एका खोक्यात पडून राहिलेल्या काही प्रती सापडल्या. संग्राहकांना जुन्या दुकानांतील अडगळीचे इतके आकर्षण का असते, हे यावरून कळावे. मुंबईत चोरबाजारातील मटन स्ट्रीट हे अशा शोधाचे परिचित ठिकाण आहे.

ओळख आणि जतन

लेबलवर कलाकाराचे नाव, बहुधा राग वा नाटकाचे नाव आणि विक्रीचा क्रमांक असतो. अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा असतो तो लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. एकच मुद्रण पुढे निराळ्या लेबलखाली व निराळ्या क्रमांकाने विकले गेले असले, तरी या क्रमांकावरून ते ओळखता येते. मुद्रणाचा काळ ठरवण्यासही त्याची मदत होते.

लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड व काजळी मिसळलेली असते. ती कठीण पण ठिसूळ असल्याने हातातून पडताच फुटते. तबकड्या आडव्या रचल्यास खालच्या तबकड्यांवर भार येऊन त्यांना तडे जातात, म्हणून त्या उभ्या ठेवतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळत असल्यामुळे व्हिनाइलसाठी मिळणारी अल्कोहोलयुक्त द्रावणे येथे घातक ठरतात. या तबकड्यांची खाच रुंद असते, त्यामुळे एल.पी.ची बारीक सुई चालत नाही.

फेऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आरंभीच्या तबकड्या ‘७८’ म्हणवल्या जात असल्या, तरी सर्वांची गती नेमकी तेवढी नसे. चुकीच्या गतीने वाजवल्यास गायकाची पट्टी चढते किंवा उतरते आणि लयही बदलते. अशा मुद्रणावरून त्या गायकाच्या आवाजाविषयी काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

संस्था आणि कायदा

१९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात कलाकारांच्या तबकड्यांच्या सूची व त्यांविषयीचे लेख प्रसिद्ध झाले आहेत. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे आरंभीच्या काळातील मुद्रणांचे अंकीकरण करून ती सर्वांसाठी खुली करणे संग्राहकांना शक्य झाले आहे.