अंगणातला रणगाडा

 

गेल्या दिवाळीत मोर्शीला घरी होतो. संत्र्याच्या आंबियाची तोड सुरू होती. आम्ही चार-पाच पोरांनी ठरवलं, गल्लीला एक पिक्चर दाखवायचा. अंगणात चादर बांधली, एकाने प्रोजेक्टर आणला. फर्माईश एकच, "लढाईचा लाव बे!" सगळ्यांच्या मनात अर्थातच 'बॉर्डर' (१९९७). आम्ही मात्र लावला 'बॅलड ऑफ अ सोल्जर', १९५९ चा, रशियन, काळा-पांढरा!

हे खूळ डोक्यात आलं फिल्म सोसायट्यांच्या चळवळीबद्दल वाचून. सत्यजित राय आणि मंडळींनी १९४७ मध्ये कलकत्त्यात सोसायटी काढली, १९५९ मध्ये अशा सोसायट्यांचा महासंघ झाला, राय त्याचे अध्यक्ष. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. पद्धत साधी. तिकीट नाही, सभासदांची वर्गणी. आधी कुणीतरी पिक्चरबद्दल चार शब्द बोलणार, नंतर चर्चा. प्रिंट यायच्या पुण्याच्या फिल्म संग्रहालयातून (स्थापना १९६४), नाहीतर परदेशी वकिलातींकडून. त्यात रशियन, पोलिश पिक्चर बरेच. हे देश महायुद्धात भरडून निघालेले, त्यामुळे 'जागतिक सिनेमा' बघायला गेलेल्या माणसाच्या वाट्याला हमखास युद्धपट यायचा. पण त्यात विजयाची मिरवणूक फारशी नसायची.

आता थोडं आपल्या ब्रांचचं. या प्रिंट बहुधा १६ मिलिमीटरच्या असायच्या. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबते. चौकट थांबली की प्रकाश, सरकताना शटर बंद. आवाजाला मात्र असं थांबून-थांबून चालत नाही, त्याला फिल्म एकसारखी सरकावी लागते. म्हणून आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीपासून लांब ठेवतात, आणि प्रिंटवर आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापतात. म्हणजे जवळपास २० सेंटीमीटर, एका सेकंदाहून जरा जास्त. मधे फिल्मचा सैल लूप. तो लांबला की आवाज मागे पडणार. युद्धपटात ही चूक लपत नाही, आधी धूर दिसतो आणि मग धडाम!

आमच्याकडे फिल्म नव्हती, डीव्हीडी होती, तरी नेमकं हेच झालं. स्पीकर ब्लूटूथचा. तो आवाज पाकिटा-पाकिटाने घेतो, उलगडतो, थोडा साठवून मग वाजवतो. उशीर होणारच. लॅपटॉपवर व्हीएलसी होता, त्यात 'जे' दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. चार वेळा दाबलं, तेव्हा कुठे तोफ आणि तिचा आवाज एकत्र आले.

सबटायटल्स इंग्रजी. ते वऱ्हाडीत मोठ्याने सांगायचं काम माझ्याकडे. एकोणीस वर्षांचा अल्योशा दोन रणगाडे उडवतो. रणगाडा त्याच्या मागे लागतो तेव्हा कॅमेरा अख्खा उलटा होतो, जमीन वर, आभाळ खाली! शिट्ट्या पडल्या. पदकाऐवजी तो रजा मागतो, मायले भेटायचं, घराचं छप्पर नीट करायचं. सहा दिवस मिळतात, दोन जायला, दोन यायला, दोन छपराला. पुढे लढाई फारशी नाहीच. गाड्या, गर्दी, एक मुलगी, पाय गमावलेला एक सैनिक. "काहून बे, लढाई कुठं गेली?" मागून आवाज आला. पण उठून कुणी गेलं नाही. दिग्दर्शक ग्रिगोरी चुखराई स्वतः त्या युद्धात लढलेला, त्याला बहुतेक रणगाड्यांचं अप्रूप उरलं नसावं.

मला भीती वेगळीच होती. समोर शेजारच्या काकू बसल्या होत्या, त्यांचा मुलगा फौजेत आहे. आणि हा पोरगा परत येणार नाही हे पिक्चर सुरुवातीलाच सांगून टाकतो. ते वाक्य भाषांतर करताना मी अडखळलो, गाळावंसं वाटलं. गाळलं नाही, कारण नंतरचं सगळं त्याच वाक्यावर उभं आहे.

शेवटी वाटेतच दिवस संपतात. माय शेतातून धावत येते, काही क्षणांची भेट, आणि तो निघतो. कुणीच काही बोललं नाही, ठरवलेली चर्चा राहूनच गेली. काकू सतरंजी झटकत उठल्या आणि मला म्हणाल्या, "मंग तिचं छप्पर कोणं शाकारलं रे?"

पिक्चरमध्ये ते नाही. तसं सांगितलं. मग आम्ही चादर सोडायला लागलो.