शिट्टीवर फिरणारा डाव

संपादकांना लेख हवा होता अमेरिकेतल्या स्क्वेअर डान्सवर. चार जोड्या चौकोन करून उभ्या राहतात आणि पुढची चाल ‘कॉलर’ पुकारतो. नाचणाऱ्यांना ती आधी ठाऊक नसते. हे वाचलं आणि शिट्टीवर डाव बदलणारी आपली लेझीम आठवली; मी थेट सोलापुरात तिच्या सरावाला गेलो.

स्क्वेअर डान्सची मुळं युरोपातली. जॉन प्लेफोर्डने 1651 मध्ये इंग्लंडचे सामूहिक नाच पुस्तकात छापले. पुढे फ्रान्सच्या कोटिलियन आणि क्वाड्रिलची भर पडली. अमेरिकेत चाली पुकारायला सुरुवातीला अनेकदा गुलामगिरीतले कृष्णवर्णीय वादकच असत. 1920 च्या दशकात हेन्री फोर्डने पैसा ओतून हा नाच शाळांमध्ये नेला. आपली लेझीमही तालमीतून शाळेच्या कवायतीत आली.

सोलापुरात मात्र ती मिरवणुकीतच खुलते. गणपती जवळ आले की संध्याकाळी मंडळांचे ताफे सरावाला उतरतात. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, साखळीत पातळ चकत्या. हात ताणला की छन्, मिटला की छन्. हलगी कडाडते, रांगा वाकतात, समोरासमोर येतात, एकमेकींतून पार होतात.

माझी नजर खिळली ती शिट्टीवाल्यावर. त्याच्या हातात लेझीम नव्हती. तो उलट्या पावलांनी चालत होता, डोळे शेवटच्या रांगेतल्या पोरांवर. शिट्टी डाव संपल्यावर वाजत नाही. एक ठोका आधी वाजते, म्हणजे मागच्यालाही पाय वळवायला सवड मिळते. अमेरिकेतला चांगला कॉलरही असाच तालाच्या किंचित पुढे बोलतो. एका पोराचा पाय चुकला, तेव्हा शिट्टीवाल्याने डाव बदललाच नाही. पोरगं तालात येईपर्यंत तोच हात चालू ठेवला. केवढी माया आहे या शिस्तीत!

मला धास्ती आहे ती डीजेची. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती ती सहज ओलांडतात. शेजारच्या मंडळाची भिंत सुरू झाली की शिट्टी दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. मग अवघड डाव गळतात, उरतो एकच सोपा हात. हलगीवाल्याची सुपारीही डीजेकडे जाते. वर्षभर दुसरं काम करणारा हा माणूस एक हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षी हलगी तापवायला येईलच असं नाही. मंडळांनी वर्गणीतून आधी त्याची बिदागी बाजूला काढावी आणि मिरवणुकीत लेझीम ताफा डीजेपासून लांब ठेवावा. दोन्ही गोष्टी मंडळांच्याच हातात आहेत.