लॅब्रेडॉरचे पिल्लू केवढे व्हावे?

अहिल्यानगरहून जामखेडकडे जाताना वाटेत बीड जिल्ह्यातील कडा हे गाव लागते. समजा, तुम्ही या गावात राहता आणि मामांनी तुम्हाला लॅब्रेडॉर जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू आणून दिले. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर दडवलेली स्फोटके वासावरून शोधणारा मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ याच जातीचा! साहजिकच पिल्लू लवकर मोठे व्हावे असे घरात सर्वांना वाटते. आजी म्हणते, “घरचं म्हशीचं दूध आहे, पोटभर पाजा.” शेजारचे काका म्हणतात, “कॅल्शियमचं औषध चालू करा, हाडं बळकट होतील.” दोघांचीही माया खरी; पण त्याने पिल्लाचे भले होईल का? पाहू या.

पंचाहत्तर पट वाढ

माणसाचे मूल जन्मतः सुमारे ३ किलोग्रॅमचे असते. ते ६० किलोग्रॅमचे होण्यास सुमारे १८ वर्षे लागतात. म्हणजे वीस पट वाढ. लॅब्रेडॉरचे पिल्लू जन्मतः सुमारे ४०० ग्रॅमचे असते आणि वर्ष-दीड वर्षात ३० किलोग्रॅमच्या घरात जाते. भागाकार करून पाहा : पंचाहत्तर पट!

एवढ्या घाईत हाडे कशी लांबतात? पायाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कास्थीचा, म्हणजे कूर्चेचा, मऊ थर असतो. त्यात नव्या पेशी तयार होतात, जुन्या पेशींच्या जागी हाड बनते आणि हाड लांबत जाते. साधारण वर्षभरात या थरांचे हाड होते व उंची थांबते. तोपर्यंत हे थर नाजूक असतात. नव्या स्लॅबवर पाणी मारण्याचे दिवस संपण्याआधी कोणी वर धान्याची पोती रचतो का? पिल्लाला वारेमाप खाऊ घालणे म्हणजे तसेच. कच्च्या सांध्यांवर वजनाचा भार पडतो. खुब्याच्या सांध्यातील दोष लॅब्रेडॉरमध्ये आनुवंशिकतेने येऊ शकतो. जादा वजनाने तो बळावतो.

कॅल्शियमचेही तसेच आहे. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरेसे अडवता येत नाही. ते रक्तात उतरते आणि कास्थीचे हाड होण्याचे काम बिघडवते. कमी पडले तरी हाडे ठिसूळ होतातच. म्हणून किती द्यायचे, हे पशुवैद्यकाने ठरवावे. दुधाचा अतिरेकही नको; त्याने पुष्कळदा जुलाब होतात.

अठ्ठेचाळीस पिल्लांची गोष्ट

अमेरिकेत १९८७ मध्ये लॅब्रेडॉरच्या ४८ पिल्लांवर एक प्रयोग सुरू झाला. एकाच विणीतील दोन-दोन पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतील एकाला जेवढे खाणे दिले जाई, त्याहून २५ टक्के कमी दुसऱ्याला मिळे. ही निरीक्षणे कुत्र्यांच्या आयुष्यभर चालली आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान ११.२ वर्षे भरले, तर कमी खाणाऱ्या सडपातळ गटाचे १३ वर्षे. शिवाय सडपातळ कुत्र्यांना सांधेदुखीने उशिरा गाठले.

“पण ते तर सारखे मागते!” असे तुम्ही म्हणाल. त्याचेही कारण सापडले आहे. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉर कुत्र्यांत ‘पोट भरले’ हा निरोप मेंदूला देण्याशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. तेव्हा त्याच्या केविलवाण्या डोळ्यांवर विसंबू नका, मापावर विसंबा.

कड्याचा उन्हाळा

या कुत्र्यांचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाचे. तेथील गार समुद्रात पोहणाऱ्या या प्राण्याला दाट, दुहेरी केस मिळाले. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून ते शरीर थंड ठेवते. दाट केसांखाली चरबीचा जाड थर असला, तर आतली उष्णता बाहेर पडणार कशी? बीड जिल्ह्यातील मे महिन्याच्या दुपारी असा लठ्ठपणा जिवावर बेतू शकतो.

स्वतः मोजून पाहा

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण २९ ते ३६ आणि मादीचे २५ ते ३२ किलोग्रॅम असते. खांद्यापाशी उंची ५४ ते ५७ सेंटिमीटर. पण नुसत्या आकड्यांपेक्षा हात अधिक सांगतो. एका हाताची मूठ वळा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या, तर ते फार रोड. आता पंजा सरळ करून त्याच्या पाठीवरून बोटे फिरवा. बरगड्या अशा लागल्या, तर प्रकृती उत्तम. तळहातासारख्या गुबगुबीत लागल्या, तर ते लठ्ठ!

मात्र हे माप सरसकट लावू नका. दख्खनच्या पठारावरील चपळ कारवानी कुत्र्याच्या बरगड्या थोड्या दिसतात, ते त्याचे निरोगी रूपच आहे.

दर रविवारी पिल्लाला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, नंतर एकटे उभे राहा. वजाबाकी करा व आलेख काढा. रेषा उडी न मारता सावकाश चढत गेली, तर समजा, आजीची माया पिल्लाच्या अंगी लागली!