वाणिज्य पदवीनंतर अभियांत्रिकी शिक्षण : मार्ग व मर्यादा

प्रस्तावना :
दहावीनंतर स्वीकारलेली शाखा आपल्याकडे बहुधा आयुष्यभराची निवड ठरते. बी.कॉम. अथवा बी.बी.ए. करून नोकरीत स्थिरावलेली व्यक्ती तिशीत अभियांत्रिकीकडे वळू पाहते, तेव्हा पहिला अडसर वयाचा नसून विषयांचा असतो. या स्थित्यंतराच्या वाटा व त्यांतील धोके यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रवेशाची अट :
महाराष्ट्रातील सामाईक प्रवेश परीक्षेला कमाल वयोमर्यादा नाही. मात्र अभियांत्रिकी पदवीसाठी बारावीत भौतिकशास्त्र व गणित आवश्यक असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ च्या नियमपुस्तिकेत १४ विषयांपैकी कोणतेही तीन ग्राह्य धरले व त्यांत व्यवसाय अध्ययनाचाही समावेश केला. त्यावर टीका होताच ही तरतूद राज्यांवर व विद्यापीठांवर बंधनकारक नसल्याचे परिषदेने स्पष्ट केले. तात्पर्य, परिषदेची अनुमती म्हणजे प्रत्यक्ष प्रवेश नव्हे.

उपलब्ध मार्ग :
१) राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावी स्तरावरील भौतिकशास्त्र, गणित इत्यादी विषय उत्तीर्ण करून प्रवेश परीक्षा देणे. पूर्वतयारीचे किमान एक व पदवीची चार अशी पाच वर्षे लागतात. असे गुण ग्राह्य धरले जातात का, याची त्या वर्षीच्या प्रवेश नियमांवरून आधीच खातरजमा करावी.
२) दहावीच्या आधारे तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका व त्यानंतर पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश. येथे सहा वर्षे लागतात. परंतु पाया पक्का होतो आणि पदविकेवरही नोकरी मिळू शकते.
३) उद्दिष्ट केवळ विदा-विश्लेषणाचे असल्यास मद्रास आयआयटीचा २०२० पासूनचा ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रम वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही खुला आहे. ती अभियांत्रिकीची पदवी मात्र नव्हे.

सावधगिरी :
नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने अभियंता होण्याचे आकर्षण स्वाभाविक आहे. तथापि ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांपैकी २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या व त्यानंतरच्या रद्द ठरवल्या. वर्षे आणि पैसा खर्चूनही हाती काही न उरण्याचा हा धोका प्रौढ विद्यार्थ्याला परवडणारा नसतो.

समारोप :
वाणिज्याचे ज्ञान वाया जात नाही. परिव्यय लेखांकन व उत्पादन व्यवस्थापन यांची जाण कारखान्यात उपयोगी पडते. उणीव असते ती त्रिकोणमिती, कलनशास्त्र व यामिकी यांच्या सरावाची, आणि ती केवळ जिद्दीने भरून निघत नाही. म्हणून सल्ला विचारणाऱ्या माजी विद्यार्थ्याला प्राध्यापकांनी केवळ प्रोत्साहन देऊन थांबू नये. पदवी हवी की कौशल्य, मिळकतीविना किती वर्षे निभावतील आणि निवडलेली पदवी मान्यताप्राप्त आहे काय, हे तीन प्रश्न त्याच्यासमोर प्रथम ठेवावेत. या प्रश्नांच्या उत्तरांवरूनच वाटेची निवड करणे हिताचे ठरते.