रोजचा एक तास आपल्या कलेचा

महाड-पोलादपूरच्या गटांमध्ये हातात कला असलेल्या बायका पुष्कळ आहेत. कुणी गोधड्या शिवते, कुणी पणत्या रंगवते, कुणी रुखवताचं सामान करते. पण "काम कधी करता?" असं आम्ही विचारलं, की उत्तर येतं, "वेळ मिळेल तेव्हा." पाणी, चूल, गुरं, शेती यांतून बाईला वेळ मिळत नसतो, तो काढावा लागतो. वेळ नाही काढला तर ऑर्डर हातची जाते आणि कला नुसती हौस म्हणून राहते.

आपल्याच जिल्ह्यातलं पेण बघा. गणपती येतात भाद्रपदात, पण पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत काम वर्षभर चालतं. कारण शाडूची मूर्ती साच्यातून काढली की लगेच रंगवता येत नाही. ती सुकावी लागते, मग घासून साफ करायची, मग रंग, मग डोळ्यांची आखणी. पावसाळ्याच्या दमट हवेत माती लवकर सुकत नाही, म्हणून कच्चं काम आधी उरकलेलं बरं. सणाच्या तोंडावर घाई करून मूर्ती होत नाही.

हाच हिशेब आपण पणत्यांना लावू. समजा, दिवाळीसाठी 600 पणत्या रंगवायच्या आहेत. दुकानदाराला माल कोजागिरीपर्यंत हवा. एका पणतीला 4 मिनिटं लागतात, म्हणजे तासाला 15 होतात. रोज एक तास बसलं तर 40 दिवस लागतील. आता कोजागिरीपासून मागे मोजा. 40 दिवस मागे गेलं की आपण गणपतीच्या दिवसांत पोचतो, आणि तेव्हा कोकणातल्या कुठल्या घरात बाईला फुरसत असते? म्हणून सुरुवात नारळी पौर्णिमेला करायची. तिथून कोजागिरी साधारण दोन महिन्यांवर. म्हणजे गौरी-गणपती, आजारपण, पाहुणे यांसाठी 19-20 दिवस हाताशी राहतात. शिवाय भातकापणी ऐन भरात येण्याआधी माल पोचलेला असतो.

आता रोजची सवय कशी लावायची? पहिलं, वेळ एकच ठरवा. दुपारी जेवणं आटोपल्यावरचा तास बऱ्याच जणींना जमतो. दारातला उजेड असतो, डोळ्यांवर ताण येत नाही. हा तास कामाचा आहे, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. शेतावर गेलेल्या बाईला कुणी मध्येच हाक मारत नाही, तसंच हे.

दुसरं, सामान एका टोपलीत तयार ठेवा. ब्रश शोधण्यात, रंग कालवण्यात पाव तास गेला तर चार पणत्या गेल्या. उठताना ब्रश धुऊन ठेवा आणि उद्याच्या पणत्या आजच पुसून ठेवा.

तिसरं, वहीत रोज दोन आकडे लिहा: किती वेळ बसलो, किती नग झाले. भाव ठरवताना हीच वही कामाला येते. माती-रंगाचा खर्च वजा जाता पणतीमागे 4 रुपये सुटत असतील, तर तासाची कमाई 60 रुपये झाली. गिऱ्हाईक "दोन रुपये कमी करा" म्हणालं, तर तासाचे 30 रुपये जातात. हे वहीत दिसलं की नाही म्हणायला जड जात नाही.

लावणीच्या दिवसांत तास निघणार नाही, तेव्हा मन खाऊ नका. त्या दिवसांत काम बंद, असं आधीच वहीत लिहा आणि पुन्हा बसायची तारीखही लिहा. आठवड्यातून एक दिवस हातांना आणि डोळ्यांना सुट्टी द्या.

गटात आपण बचत अशीच नेमाने करतो. रक्कम छोटी असते, पण बैठक चुकत नाही, म्हणून पैसा साठतो. कलेचंही तसंच आहे. पुढच्या बैठकीला येताना सात दिवसांचे आकडे लिहिलेली वही घेऊन या. तुमच्या हाताचा भाव किती, ते आपण सगळ्या मिळून काढू.