वय तपासायचं कोणी?

आजचा विषय बोलायला अवघड आहे, पण मोबाईलबरोबर तो आपल्या उंबऱ्याच्या आत आला आहे.

अमेरिकेत मोठ्या माणसांच्या अश्लील फिल्म बनवायला कायद्याची परवानगी आहे. १९८६ साली तिथं उघड झालं, की एक मुलगी अठरा पूर्ण होण्याआधीच अशा फिल्ममध्ये घेतली गेली होती. बनवणारे म्हणाले, ‘तिच्या कागदांनी आम्हीच फसलो.’ मग १९८८ साली कायदा आला. काम करणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, जन्मतारीख आणि आधीची नावं नोंदवायची, ओळखपत्राची प्रत जपायची, नोंदी कुठं ठेवल्या तो पत्ता फिल्मवर द्यायचा. म्हणजे वय तपासण्याचा भार बनवणाऱ्यावर आला.

आपल्याकडे अशी फिल्म मोबाईलवरून पसरवणं हाच गुन्हा आहे. त्यात अठराच्या आतलं मूल असेल, तर ती बघणं आणि साठवणंही गुन्हा आहे. ‘मुलगी राजी होती’ ही सबब कायदा ऐकत नाही.

म्हणून आपल्या गावातल्या लेकीचा असा व्हिडिओ कानावर आला, तर बायांनो, तिला दोष देऊ नका. ‘बघा काय झालं’ म्हणूनसुद्धा तो गटावर पाठवू नका. १०९८ किंवा १९३० वर फोन करा, पोलिसांत कळवा. तिच्या जन्माचा दाखला हाताशी ठेवा. तिचं नाव मात्र गावभर करू नका.