मुक्या जिवाची सोनोग्राफी

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० या सालांचे स्मरण प्रथम होते. परंतु या शहराची आणखीही एक जुनी ओळख आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाचे प्रवासवर्णन १६९६ साली लंडनला प्रसिद्ध झाले. त्यात त्याने सुरतेजवळच्या एका रुग्णालयाची हकीकत मोठ्या नवलाने दिली आहे. ते रुग्णालय माणसांचे नव्हते. गाई, घोडे, शेळ्या, कुत्री अशा आजारी, पंगू आणि म्हाताऱ्या जनावरांचे होते. पांजरापोळीची ती परंपरा गुजरातेत आजही जिवंत आहे. त्या काळी दया होती, निवारा होता. नव्हते ते जनावराच्या पोटातील दुखणे पाहण्याचे साधन. आज ते साधन आपल्या शहरातील प्राण्यांच्या दवाखान्यांतही आले आहे. तेव्हा ज्यांच्या घरी कुत्रे वा मांजर आहे, त्यांनी त्याची नीट माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

सोनोग्राफी म्हणजे प्रतिध्वनीवरून काढलेले चित्र. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. तोच गुणधर्म उलट बाजूने वापरून, म्हणजे विजेने कंप निर्माण करून, या यंत्राचा हातात धरावयाचा भाग ध्वनिलहरी सोडतो आणि परतणारे प्रतिध्वनी टिपतो. माणसाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. या तपासणीतील लहरी मात्र कित्येक लक्ष कंपनांच्या, म्हणजे कुत्र्याच्याही श्रवणापलीकडच्या असतात. यात क्ष-किरण नाहीत, वेदना नाही आणि बहुधा गुंगीचे औषधही लागत नाही.

या लहरी मऊ अवयवांतून आणि द्रवातून चांगल्या जातात. हवा आणि हाड यांच्यापाशी मात्र अडतात. एवढे एक तत्त्व ध्यानात ठेवले की पुढील बहुतेक गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे, मूत्राशयातील खडे, पोटात साठलेले पाणी, गर्भ आणि हृदयाची हालचाल हे सारे दिसते. मोडलेले हाड किंवा हवेने भरलेले फुप्फुस यांच्यासाठी मात्र क्ष-किरणांकडेच जावे लागते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. त्यात साधारण २५ दिवसांनंतर सोनोग्राफीत गर्भ दिसू लागतो आणि त्याच सुमारास हृदयाचे ठोकेही कळतात. पण पिल्ले नेमकी किती, हे सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. ती मोजावयाची तर हाडे पक्की झाल्यावर, गर्भकाळाच्या अखेरीस, क्ष-किरणाचे चित्र घेणे बरे.

ज्या रोगात ही तपासणी खरोखर प्राण वाचवते, त्याचा उल्लेख विशेषकरून केला पाहिजे. शस्त्रक्रिया न केलेली, मध्यम वयाची कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत मलूल होते, अन्न टाकते, ओकते आणि वारंवार पाणी पिते. घरातील मंडळी म्हणतात, उन्हाळा आहे, किंवा पोट बिघडले असेल. वास्तविक तिच्या गर्भाशयात पू साठत असतो. गर्भाशयाचे मुख उघडे असल्यास पू बाहेर येतो आणि संशय तरी येतो. मुख बंद असल्यास बाहेर काहीच दिसत नाही. अशा वेळी सोनोग्राफीत द्रवाने फुगलेले गर्भाशय डॉक्टरांच्या दृष्टीस पडते. यावर मुख्य उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढणे, आणि तोही तातडीने. चार दिवसांची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. ज्यांना पिल्ले नकोत, त्यांनी कुत्रीची शस्त्रक्रिया वेळीच करून घेतल्यास हा धोका बहुतांशी टळतो.

चित्राची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो माणसांना होतो, तसाच कुत्र्यांनाही होतो; आणि आजारी कुत्र्याच्या मूत्रातून घरच्या माणसांपर्यंत पोहोचू शकतो. सोनोग्राफीत मूत्रपिंडे सुजलेली दिसतील, पण जंतू दिसणार नाहीत. निदान रक्त व मूत्र तपासूनच होते. त्याचप्रमाणे प्लीहेवर गाठ दिसली, तरी ती साधी की कर्करोगाची, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी पेशी वा गाठीचा तुकडा तपासावा लागतो. म्हणूनच ‘सोनोग्राफी चांगली आली’ याचा अर्थ ‘आजार नाही’ असा घेऊ नये.

आता पूर्वतयारी. पोटाच्या तपासणीपूर्वी सामान्यतः आठ ते बारा तास अन्न देऊ नये. भरल्या पोटातील अन्न आणि वायू लहरींची वाट अडवतात. पाणी मात्र चालते. लहान पिल्लू, मधुमेही किंवा फार अशक्त प्राणी असल्यास उपास डॉक्टरांना विचारूनच करावा. अत्यवस्थ प्राण्याला उपासासाठी घरी ठेवू नये, तसाच न्यावा. लघवी साठलेली असेल तर मूत्राशय स्पष्ट दिसते, म्हणून दवाखान्याच्या दारात फिरवून आणू नये. पोटावरचे केस काढावे लागतात, कारण केसांत हवा अडकते. केस पुन्हा येतात. त्याबद्दल मन खट्टू करून घेऊ नये.

दवाखान्यात शक्यतो त्याच माणसाने जावे, जे त्या प्राण्याला रोज खाऊ घालते. त्याच्या स्पर्शाने प्राणी शांत पडून राहतो आणि खरी हकीकतही त्यालाच ठाऊक असते. खाणे कधी सुटले, पाणी किती वाढले, लघवीचा रंग कसा, हे सांगता आले पाहिजे. कुत्री माजावर आल्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवण्याची सवय लावावी. डॉक्टर गुजराती असले तरी आपल्या घरातील आजी मोडक्यातोडक्या गुजरातीत जे सांगेल, ते यंत्राला दिसत नाही. तपासणीनंतर दोन प्रश्न अवश्य विचारावेत: कोणती शंका फिटली, आणि कोणती अजून उरली? अहवाल जपून ठेवावा. पुढच्या खेपेस गाठ वाढली की घटली, हे जुन्या मापांशी ताडूनच कळते.

मुका प्राणी आपले दुखणे सांगत नाही. यंत्र त्याच्या पोटात डोकावते, डॉक्टर त्या चित्राचा अर्थ लावतात. पण कोठे पाहावे आणि केव्हा पाहावे, हे त्या दोघांना सांगण्याचे काम घरच्या माणसाचेच आहे.